पहिलं पान राहू द्या, एकतिसावं उघडा

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. वय ४४, शिक्षण बी. कॉम., बावीस वर्षं त्याच गादीवर. एक मुदत ठेव पिकून ३ लाख रुपये हातात आलेत. माझा मेहुणा पुण्याला असतो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एका कंपनीचा रिसर्च रिपोर्ट पाठवला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘बाय’, आजचा भाव ५४०, टार्गेट ७८०. मेहुणा म्हणतो, एवढ्या मोठ्या ब्रोकरनं लिहिलंय, डोळे झाकून घ्या. मी तीन रात्री बसून वाचला. इंग्रजी वाचता येतं, पण अडखळत. नंतर माझ्या डिमॅटच्या अ‍ॅपवर त्याच कंपनीवरचा दुसऱ्या ब्रोकरचा रिपोर्ट सापडला. तोही त्याच तिमाहीच्या निकालानंतरचा. त्यात लिहिलंय ‘रिड्यूस’, टार्गेट ५०५! कंपनी एक, ताळेबंद एक, लिहिणारे दोघंही शिकलेले. मग खरं कुणाचं? बायको म्हणते, सोनं घ्या आणि गप बसा. मुलगी दहावीत आहे. आमच्यासारख्यानं हे रिपोर्ट वाचावेत का, आणि वाचायचे तर कसे? दोन्ही सोबत जोडले आहेत.

– एक दिवाणजी, सांगली

दिवाणजी, नमस्कार.

मेहुण्यानं पाठवलेला रिपोर्ट मी छापून घेतला. पडद्यावर आकडे वाचायची सवय मला अजून लागली नाही. छापल्यावर एक गंमत दिसली. प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात १/४२, २/४२ असं लिहिलंय, आणि तुमची प्रत ४०/४२ला संपते. शेवटची दोन पानं नाहीतच. मेहुण्यानं काढली असं मी म्हणत नाही. असे रिपोर्ट चार ग्रुपांतून फिरून येतात आणि वाटेत कुणीतरी ‘बिनकामाची’ पानं गाळतं. पण मी रिपोर्ट हातात आला की वाचायला सुरुवात त्या पानांपासून करते.

कारण त्या पानांवर लिहिणाऱ्याला स्वतःबद्दल सांगावं लागतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे रिसर्च अ‍ॅनालिस्टसाठीचे, म्हणजे असे रिपोर्ट लिहिणाऱ्यांसाठीचे नियम २०१४ साली आले. त्यांनुसार लिहिणाऱ्याचा, त्याच्या नातेवाइकांचा किंवा त्याच्या संस्थेचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध आहे का, एक टक्का किंवा जास्त शेअर आहेत का, गेल्या बारा महिन्यांत कंपनीकडून काही मोबदला घेतलाय का, तिचा पब्लिक इश्यू सांभाळलाय का, हे सगळं लिहावं लागतं. रिपोर्ट यायच्या आधी ३० दिवस आणि आल्यावर ५ दिवस लिहिणाऱ्यानं स्वतः त्या शेअरमध्ये व्यवहार करायचा नाही, असंही त्या नियमांत आहे. शिवाय नोंदणी क्रमांक असतो. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. तुमच्या प्रतीत यातलं काहीच उरलेलं नाही. यार्डात बिल्टीवर पाठवणाऱ्याचं नावच नसेल तर माल उतरवून घ्याल का?

तसंच माझंही सांगून टाकते. मी सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही. हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि त्या जोरावर हे सदर लिहिते. तेव्हा अमुक शेअर घ्या किंवा विका हे मी सांगणार नाही, मला तो अधिकारही नाही. या कंपनीचा एकही शेअर माझ्याकडे नाही. आणि तिचं नाव मी इथं छापत नाही, नाहीतर उद्या या सदराचाच फोटो ‘ताईंनी सांगितलंय’ म्हणून फिरायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. दोघांतलं खरं कुणाचं?

मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिल घेऊन बसले. गेल्या पाच वर्षांचे आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे आहेत. विक्री सारखी, नफा सारखा, कर्ज सारखं. ते जुळणारच, कारण दोघांनीही ते कंपनीच्या छापील वार्षिक अहवालातून उचललेत. भांडण सुरू होतं ते पुढच्या रकान्यांत, जिथं वर्षाच्या आकड्यापुढं इंग्रजी ‘ई’ लावलाय. ई म्हणजे एस्टिमेट, अंदाज. छापताना मात्र खरा आकडा आणि अंदाजाचा आकडा एकाच टायपात, एकाच ओळीत बसवतात. त्यामुळं आपल्यासारख्याची नजर सरळ शेवटापर्यंत घसरत जाते आणि पुढच्या दोन वर्षांचा नफाही झालेलाच वाटतो. माझी एक सवय सांगते. मी पट्टी घेऊन घडलेल्या वर्षानंतर लाल रेघ मारते. रेघेच्या डावीकडे रोजमेळ, उजवीकडे पंचांग.

टार्गेट कसं निघालं ते बघा. यात मंत्र-तंत्र काही नाही, एक गुणाकार आहे. या वर्षी कंपनीचा एका शेअरमागचा नफा १८ रुपये. भाव ५४०. म्हणजे बाजार आज एका रुपयाच्या नफ्याला ३० रुपये मोजतोय. याला पीई म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. पहिला रिपोर्ट म्हणतो, दोन वर्षांनी शेअरमागं २८ रुपये नफा होईल आणि तेव्हा बाजार त्याला २८ पट देईल. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, ७८४. चार रुपये सोडून ७८०. दुसरा म्हणतो, नफा २३ रुपये होईल आणि बाजार २२ पटच देईल. झाले ५०६, त्याचे केले ५०५. बेचाळीस पानांचा डोलारा या दोन आकड्यांवर उभा आहे, आणि दोन्ही आकडे उद्याचे आहेत.

१८चे २८ व्हायला दोन्ही वर्षं नफा जवळजवळ २५ टक्क्यांनी वाढावा लागतो. गेल्या पाच वर्षांत तो वर्षाला साधारण ११ टक्क्यांनी वाढलाय. हे त्याच रिपोर्टच्या पान ३०वर आहे, फक्त या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कुणी छापलेल्या नाहीत. नवा कारखाना सुरू होणार म्हणून वेग दुप्पट होईल असं पहिल्याचं म्हणणं. होईलही. पण मग तुमचा प्रश्न ‘खरं कुणाचं’ हा राहत नाही. तो होतो, ‘नवा कारखाना किती लवकर भरून चालेल?’ या प्रश्नाचा मागोवा तुम्हाला घेता येतो.

आणि एक गणित पाटीवर करून बघाच. समजा दोघांच्या मधलं काहीतरी घडलं. नफा २४ रुपये झाला, म्हणजे दोन वर्षांत तेहेतीस टक्के वाढ. चांगलीच म्हणायची. पण बाजाराचा उत्साह ओसरला आणि पट ३०वरून २२वर आला. २४ गुणिले २२ म्हणजे ५२८. कंपनीनं मन लावून काम केलं, नफा तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आणि तुम्ही ५४०ला घेतलेला शेअर दोन वर्षांनी ५२८ला. ‘कंपनी चांगली आहे, मग माझे पैसे का वाढत नाहीत?’ अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर या एका ओळीत असतं.

पहिला रिपोर्ट २८ पट कुठून आणतो, तेही शोधलं. ‘स्पर्धक कंपन्यांच्या सरासरीइतका’ असं एक वाक्य आहे. तक्त्यात चार स्पर्धक आहेत. त्यातला एक सोडून बाकी तिघांची उलाढाल या कंपनीच्या तिप्पट-चौपट, आणि कर्ज नाही. राजापुरी हळकुंडाचा भाव कणीला लावल्यासारखं आहे हे.

आता एकतिसाव्या पानाकडे येऊ. माझ्या मते ४० पानांतलं हे एकच पान तुमच्यासाठी लिहिलंय.

तिथं तळाला एक छोटा तक्ता आहे. त्यातली तिसरी ओळ, ‘रिसिव्हेबल डेज’. आपल्या भाषेत, माल विकल्यापासून पैसे हातात यायला लागणारे दिवस. पाच वर्षांचे आकडे असे आहेत: ६२, ६८, ७१, ८४, ९७. पहिल्या रिपोर्टनं यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसऱ्या रिपोर्टचं सगळं म्हणणंच या ओळीवर उभं आहे. कंपनीची विक्री वर्षाला ११०० कोटी. ६२ दिवसांची उधारी म्हणजे १८७ कोटी, ९७ दिवसांची म्हणजे २९२ कोटी. शंभरावर कोटी रुपये गिऱ्हाइकांकडे जास्तीचे अडकले, आणि नफ्याच्या आकड्यात मात्र त्याचा मागमूस नाही. नफा विक्री झाली की लिहितात, पैसे आल्यावर नाही.

तुम्हाला हे मी समजावणं म्हणजे हद्दच झाली. जो खरेदीदार पंधरवड्यात पट्टी चुकती करायचा तो महिना लावू लागला, पुढं दीड महिना, तर तुम्ही मालकाला काय सांगता? ‘शेठ, याचा माल जरा आवरता घ्या.’ तुम्हाला त्यासाठी कुणाचा रिपोर्ट लागत नाही, खतावणीचं एक पान पुरतं. तेच पान इथं इंग्रजीत आहे, एवढाच फरक. तुम्ही तीन रात्री जागून वाचलंत आणि नेमकी तुमच्या धंद्यातली ओळ तुमच्या नजरेतून सुटली, कारण पहिल्या पानावरच्या ‘बाय’नं तुम्हाला शाळेतल्या बाकावर नेऊन बसवलं होतं.

याच्या जोडीला दोन बेरजा करा. गेल्या पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा, ३७० कोटी येतात. मग ‘कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेशन्स’ या ओळीची पाच वर्षांची बेरीज करा, २०५ कोटी. धंद्यातून खरोखर आलेली रोकड नफ्याच्या ५५ टक्के. एखाद्या वर्षी असं होतंच, हंगाम मागंपुढं झाला की तुमच्या पेढीचंही होत असेल. पण पाच वर्षांची बेरीज एकमेकांच्या जवळपास यायला हवी. ती येत नसेल तर कारण विचारायचं. कारण वाईटच असतं असं नाही.

इथंही आहे. आणि गंमत म्हणजे तेही दोन्ही रिपोर्टांत आहे, एकाच घटनेची दोन नावं. ही कंपनी पंप आणि व्हॉल्व्हसाठी कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग करते. तीन वर्षांपूर्वी तिनं पाणीयोजनांची कामं घेणाऱ्या ठेकेदारांना थेट तयार व्हॉल्व्ह विकायला सुरुवात केली. पहिला रिपोर्ट याला ‘ऑर्डर बुकात भरघोस वाढ’ म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘वसुली लांबणाऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा वाढला’. दोघांचंही बरोबर आहे! आता सांगा, पाणीयोजनेच्या ठेकेदाराचं बिल कधी निघतं, मार्चअखेरीला किती निघतं आणि उरलेल्याचं काय होतं, हे मुंबईत काचेच्या ऑफिसात बसलेल्या पोराला जास्त माहीत की तुम्हाला? मिरजेपासून जतपर्यंत तुमच्या ओळखीत एखादा असा ठेकेदार नसेल तर मला नवल वाटेल. त्याच्याबरोबर एक चहा घ्या. कंपनीबद्दल काही विचारू नका, फक्त माल पुरवणाऱ्याला तो किती दिवसांनी पैसे देतो, एवढंच विचारा.

पण इथं एक पाचर मारून ठेवते. ‘आपल्या भागातलं आहे, आपल्याला माहीत आहे’ ही भावना फार गोड असते, आणि मी ती साताऱ्यात जवळून पाहिली आहे. युनायटेड वेस्टर्न बँक साताऱ्याची, १९३६ सालची. तिच्या शाखेतला शिपाईसुद्धा आम्हाला नावानं ठाऊक होता. आपली बँक म्हणून शेअर धरून ठेवणारी घरं गल्लोगल्ली होती. सप्टेंबर २००६मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्या व्यवहारांवर निर्बंध आणले, महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि भागधारकांना शेअरमागं २८ रुपये रोख मिळाले. शाखेतली माणसं चांगलीच होती. पण थकलेली कर्जं काउंटरच्या या बाजूनं दिसत नाहीत, ती ताळेबंदातच बघावी लागतात. ठेकेदाराशी बोलायचं ते आकड्याचा अर्थ लावायला. आकड्याच्या जागी त्याला बसवायचं नाही.

माझी स्वतःची फजितीही सांगते. डिसेंबर २००७. बाजार तेजीत, रोज नवा उच्चांक. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात होते आणि ऑफिसातल्या एकानं असाच एक छापील रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. रस्ते-पूल बांधणारी कंपनी, ‘बाय’, टार्गेट दीडपट. मी पहिलं पान वाचलं, शेवटच्या पानावरचा तक्ता बघितला आणि ८० हजार घातले. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, त्या ऑक्टोबरात ८ हजारांच्या आसपास आला. माझ्या ८० हजारांचे ११ हजार उरले. बाजार पुढं सावरला, ही कंपनी सावरली नाही. २०१२ साली मिळेल त्या भावाला विकून मोकळी झाले.

तो रिपोर्ट पत्र्याच्या ट्रंकेत राहिला होता. घर रंगवायला काढलं तेव्हा सापडला आणि मी पायरीवर बसून तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. पान २७वर सगळं होतं. चार वर्षं धंद्यातून येणारी रोकड उणे, कर्ज दुप्पट, येणं फुगलेलं. लिहिणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं. तो आकडे देऊन मोकळा झाला होता आणि त्याच्या वर ‘बाय’ लिहून आणखी मोकळा. दिवसभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासणारी मी, स्वतःच्या पैशाच्या वेळी पान उलटायला विसरले. तेव्हापासून पान २७चा धडा माझ्या डोक्यात आहे, तुमच्याकडे तो एकतिसाव्यावर निघाला.

‘बाय’ इतके आणि ‘सेल’ इतके कमी का, असाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. विश्लेषकाला कंपनीच्या व्यवस्थापनाशी बोलणं चालू ठेवायचं असतं. त्याच्या ब्रोकरचे मोठे ग्राहक, म्हणजे फंड, तो शेअर आधीच धरून बसलेले असतात. ब्रोकरच्याच घरातली दुसरी शाखा त्या कंपनीला भांडवल उभारून देण्याच्या प्रयत्नात असू शकते. हे सगळीकडे आहे. २००३ साली अमेरिकेत दहा मोठ्या दलाली संस्थांना याच भानगडीत मिळून सुमारे १४० कोटी डॉलर मोजावे लागले होते, कारण त्यांचे रिपोर्ट त्यांच्या भांडवल उभारणीच्या धंद्याच्या सोयीनं लिहिले जात होते. म्हणून शब्द एक पायरी खाली उतरवून वाचायचे. ‘होल्ड’ म्हणजे उत्साह नाही. ‘रिड्यूस’ म्हणजे सभ्य भाषेत विका. शब्दापेक्षा शब्द बदलला का, हे बघा. त्याच विश्लेषकाचे त्याच कंपनीवरचे मागचे तीन-चार रिपोर्ट मिळाले तर दोन वर्षांपूर्वी त्यानं आजच्या वर्षासाठी किती नफा सांगितला होता ते तपासा. तुमच्या पहिल्या रिपोर्टवाल्यानं दोन वर्षांपूर्वी २२ सांगितले होते. झाले १८. हे मी बाहेरून शोधलं नाही. त्यानंच पान ९वर आपल्या जुन्या अंदाजांचा आलेख दिलाय, बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे.

मग कारखान्याचं. कंपनीच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांचं पत्र असतं. बहुतेक लोक ते शोभेचं समजून सोडतात. मुंबई शेअर बाजाराच्या किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावानं शोधलंत की मागच्या बऱ्याच वर्षांचे अहवाल फुकट मिळतात. तीन वर्षांपूर्वीचं पत्र काढा, नवा कारखाना कधी सुरू होईल म्हणाले होते ते लिहून घ्या. मग दोन वर्षांपूर्वीचं, मग गेल्या वर्षीचं. तारीख दरवर्षी पुढं सरकत असेल तर पहिल्या रिपोर्टच्या २५ टक्क्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तिमाही निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते, त्याला कॉनकॉल म्हणतात. त्याचा शब्दशः मजकूरही तिथंच असतो. त्यात शेवटची प्रश्नोत्तरं वाचा. उधारीचा प्रश्न कुणी विचारला आणि उत्तर आकड्यात आलं की ‘परिस्थिती सुधारतेय’ असं हवेत आलं, एवढंच बघायचं.

आणखी एक कागद, जो बाजारात कुणी फॉरवर्ड करत नाही, पण तुमच्यासारख्याला सगळ्यात जवळचा वाटेल. कंपनीनं बँकेकडून कर्ज घेतलं असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या एखाद्या संस्थेनं तिला बहुधा पत मानांकन दिलेलं असतं. त्याचं तीन-चार पानी टिपण त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतं. तो माणूस शेअर कितीला जाईल याचा विचारच करत नाही. तो एकच बघतो, हिला दिलेले पैसे परत येतील का. ही नजर तुमच्याकडे बावीस वर्षं आहे.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर तारण ठेवलेत का, तेही बघा. दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता येतो, त्यात गहाण शेअरचा रकाना असतो. तुमच्या कंपनीत तो शून्य आहे, चांगली गोष्ट. तारणाची ही माहिती उघड करणं सेबीनं २००९च्या जानेवारीत, सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण फुटल्यावर, सक्तीचं केलं.

सत्यमचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू, कारण रिपोर्टाची हद्द तिथं कळते. ७ जानेवारी २००९ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी नाहीतच. लेखापरीक्षकांच्या सह्या झालेला ताळेबंद होता तो. कित्येक अ‍ॅनालिस्ट त्या दिवसापर्यंत त्याच आकड्यांवर गुणाकार करत होते. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं तुम्ही पाहिली असतील. २००५च्या महापुरात त्यांची वाताहत झाली. पेवाच्या तोंडावरची पावती कितीही नीट असली तरी आत काय झालंय ते उघडल्यावरच कळतं. रिपोर्ट लिहिणारा पावती वाचतो. पेव उघडायला त्यालाही कुणी देत नाही. म्हणून कितीही चांगला रिपोर्ट वाचला तरी एका कंपनीत ३ लाखांतले ३ लाख जात नाहीत.

इंग्रजीची धास्ती सोडा. या कामाला पन्नास-साठ शब्द लागतात आणि ते प्रत्येक रिपोर्टमध्ये तेच असतात. मुलगी दहावीत आहे ना? एका रविवारी तिला शेजारी बसवा, ती शब्द वाचेल, तुम्ही आकडे वाचा. दोघांचाही अभ्यास होईल. आणि मग अर्ध्या पानावर मराठीत, तुमच्या दिवाणजी अक्षरात, तुमचा स्वतःचा रिपोर्ट लिहा. कंपनी काय विकते, कुणाला विकते, पैसे किती दिवसांनी येतात, रोकड नफ्याच्या किती, कर्ज किती, आणि माझं कशावर चुकू शकतं. हे अर्धं पान भरत नसेल तर शेअर घ्यायची वेळ झालेली नाही.

पैशाचं म्हणाल तर मुलीच्या अकरावी-बारावीला लागणारी रक्कम आधी बाजूला काढून पुन्हा ठेवीत टाका, तिच्यावर चर्चाच नको. वहिनींच्या सोन्याला मी नाही म्हणणार नाही, सांगलीत राहून तसं म्हणायची माझी छाती नाही. थोडं त्यांच्या मनासारखं करा. उरलेल्यातले वीस-पंचवीस हजार शिकण्याची फी समजून शेअरमध्ये घालायचे की नाही ते पुढच्या तिमाहीचा निकाल बघून ठरवा. निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत (मार्चअखेरच्या तिमाहीचा ६० दिवसांत) यावाच लागतो, तेवढ्यात काही बिघडत नाही. तोवर मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, महिन्याला थोडी रक्कम घालणं हा कंटाळवाणा मार्ग आहे. मला तो आवडतो.

मेहुण्याला दुखवायची गरज नाही. त्याला फोन करून फक्त दोन गोष्टी विचारा. ‘तू स्वतः किती घेतलेस आणि कितीला?’ आणि ‘ती शेवटची दोन पानं आहेत का तुझ्याकडे?’ पहिल्या प्रश्नावर तो थोडा थांबेल. थांबू द्या.

पान ४१ आणि ४२ मिळाली की मला पाठवा, आणि निकाल लागला की ९७चे किती दिवस झाले तेही कळवा.